घोंगडं विरुद्ध घोडा

"विरोध असेल त्यानं उभं राहावं," हेडमास्तरसाहेब म्हणाले. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की तीन कोसांवरच्या चुडावा स्टेशनात सिग्नल पडल्याचा खटका मी स्वतः ऐकला.

आणि दहावीतला भिवा उभा राहिला.

मी त्या हायस्कूलचा ड्रॉइंग मास्तर. पूर्णा तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही. विद्यार्थी मंडळाचा सेक्रेटरी दरसाल इनामदारांच्या घरातला, त्या साली छोटा इनामदार. साहेब नाव वाचणार, पोरं हात वर करणार, आणि ज्याचा हात खाली त्याचं नाव साहेबांच्या वहीत. शेवटी जाहीर व्हायचं, "बिनविरोध!" पाचवीतल्या निम्म्या पोरांना तर 'बिनविरोध' हे इनामदारांचं पाळण्यातलं नाव वाटायचं.

"तुझा विरोध? कुणाला?" साहेब गरजले.

"माणसाला न्हाई साहेब. हात वर करायला हाय," भिवा म्हणाला. "परवाच्या निवडणुकीत माझ्या मायनं पडद्याआड मत टाकलं. तिला कुणी इचारलं न्हाई कुणाला दिलं म्हून. ती मेंढरं राखती. आमी तर शिकायलाव."

साल सत्तावन. नुकतीच लोकसभेची निवडणूक झालेली. चुडाव्याच्या बूथवर पोलिंग ऑफिसर मीच होतो, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारत नसत. दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची, बस्स. मी म्हणालो, "साहेब, दिल्लीला चालतं ते आपल्याला चालायला हरकत नसावी."

साहेब हसले. त्यांचं ते हसू बघून भिंतीवरची पाल दुसऱ्या वर्गात गेली.

"ठीक. तूच उभा राहा भिवा. पण हरलास, तर मॅट्रिकच्या फॉर्मवर माझी सही विसर."

सहीशिवाय परीक्षा नाही. भिवाच्या सात पिढ्यांत मॅट्रिकच्या दारापर्यंत पोचलेला तो पहिलाच. तरी गडी म्हणाला, "जी साहेब."

खडूंची दोन खोकी आणली. चिन्हं काढायचं काम माझ्याकडं. छोट्या इनामदारानं घोडा मागितला, भिवानं घोंगडं. घोंगडं म्हणजे नुसता काळा चौकोन. माझ्या हातून तितकं हुबेहूब चित्र पुन्हा झालं नाही. घोड्याचे कान मात्र जरा लांबले. हात चुकला की मन, ते विचारू नका. सगळी शाळा गाढव गाढव म्हणून हसायला लागली.

भिवा तडक स्टाफरूममध्ये आला.

"सर, त्याचं घोडं नीट काढा."

"अरे, तुझाच फायदा आहे!"

"हसून टाकलेलं मत हे मत न्हाई, चेष्टा हाय. अन् जिकलो तर गाढवाला हरवलं म्हंतेल लोक."

मी गपचूप खोडरबर घेतलं. मग असा घोडा काढला की शिपायानं दोनदा त्याच्यापुढं कडबा टाकला.

फळ्याआड खोकी ठेवली. एकेक पोरगं आत गेलं, बाहेर आलं. साहेब दाराशी वही उघडून बसले होते, पण लिहायचं काय? चिठ्ठ्या मोजल्या. घोंगडं एकोणीस मतांनी पुढं.

छोटा इनामदार, पोरगा मनाचा मोकळा, म्हणाला, "हात वर केले असते तर मीच आलो असतो गड्या."

"हां. म्या तेच म्हनत होतो," भिवा बोलला.

दुसऱ्या दिवशी तो फॉर्म घेऊन ऑफिसात गेला. मी नेमका तिथल्याच कपाटात ड्रॉइंग पेपर शोधत होतो. तासभर सापडले नाहीत.

साहेब म्हणाले, "हरलास तर सही नाही, एवढंच बोललो होतो. जिंकलास तर करतो असं कुठं म्हणालो?"

मी कपाटातून डोकं बाहेर काढलं. भिवानं फॉर्म टेबलावर ठेवला, अदबीनं हात जोडले.

"मंग यावर बी मत घ्यायचं का साहेब? खोकी सरांकडंच हायती."

साहेबांनी सही केली. इतकी दाबून की टाकाचं निब मोडलं.

भिवा मॅट्रिक झाला, पुढं वकील. मी पुढं अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, पुष्कळ अर्ज दिले. वरिष्ठांना अर्ज विनयानंच लिहावा. फक्त शक्य असेल तर येताना दोन रिकामी खोकी काखेत आणावीत.