दोन कार्डांची बाई

पद्मजाबाईंनी चरित्रकोशाच्या कचेरीत एकतीस वर्षं कार्डं लिहिली. देशासाठी काही केलेल्या माणसांची: जन्म, कार्य, मृत्यू. आता सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत हडपसरच्या कंपनीतली सृष्टी लॅपटॉप घेऊन बसली होती. कोश इंटरनेटवर जायचा होता.

"मॅडम, जन्म किंवा मृत्यूचं साल नसेल तर सिस्टिम रेकॉर्ड घेत नाही. आज पाचला लिस्ट फायनल. एकशेबारा डिलीट."

"म्हणजे मेल्याची नोंद नसली की माणूस जन्मलाच नाही. छान."

"मी काय करू? फॉर्मच तसा आहे."

सृष्टीने यादी तुरुंगानुसार लावून दिली. येरवड्याखाली दोन बायका लागोपाठ आल्या. चंपा आपटे, जन्म १९१२; लाठीने डावा कान फुटला; १९३२ला सुटका, पुढे माहिती नाही. दुर्गाबाई लेले, जन्म अज्ञात, तरुणपणी कैद, डाव्या कानाने बहिऱ्या, १९५१ला मुलींची शाळा काढली, मृत्यू १९७४.

दोन्ही कार्डं पद्मजाबाईंच्याच अक्षरातली. एक 'आ'च्या पेटीत, दुसरं 'ल'च्या. कधी भेटलीच नाहीत.

पद्मजाबाईंनी ती पेट्यांतून काढून शेजारी शेजारी ठेवली. त्या स्वतः लग्नाआधी हेमा होत्या. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'पद्मजा' लिहिलं आणि हेमा संपली. जिला हे सगळ्यांआधी कळायला हवं होतं, तिनेच एकीच्या दोघी केल्या होत्या.

दुर्गाबाईंची सून लोणी काळभोरला असे. तिला फोन लावला.

"सासूबाईंचं माहेरचं नाव? अहो, कुणी विचारलंय कधी! पण त्यांचा भाऊ यायचा, तो 'चंपे' म्हणून हाक मारायचा. या ओ द्यायच्या नाहीत. मग तो म्हणायचा, उजवा पण कान गेला वाटतं! आणि दोघं हसत बसायची."

पद्मजाबाईंनी चंपाचा जन्म आणि दुर्गाबाईंचा मृत्यू एकाच फॉर्ममध्ये भरायला सांगितला.

"नाव एकच टाकतात," सृष्टी म्हणाली. "दुसरं टोपणनावात टाकू?"

"टोपणनावं कवींना असतात. दोन्ही नावं वरच टाक. आणि खाली लिही, आधीची चूक पद्मजा गोरे यांची."

"कोण विचारणार आहे, मॅडम?"

"मी."

हिरवी खूण उमटली. सृष्टी बॅग भरू लागली. पद्मजाबाई पडद्यासमोरून हलेनात. १९३२, आणि त्याखाली थेट १९५१. कार्डं वेगळी होती तोवर मधली एकोणीस वर्षं कुणाचीच नव्हती. आता ती एका बाईची होती, आणि फॉर्मने त्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं.

"झालं ना, मॅडम? कम्प्लीट दाखवतंय."

"त्याला दाखवू दे," म्हणत पद्मजाबाईंनी पुन्हा लोणीला फोन लावला.