शेवटची अकरा पानं

औरंगाबादच्या स्टँडवर पैठणची एस.टी. लागली तेव्हा माझ्या पिशवीत एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीची कोरी प्रत होती. वडील पैठणला मास्तर असताना ती मी तिथल्या वाचनालयातून आणून तीनदा वाचली होती. तिथंच ही नवी प्रत भेट द्यायची, म्हणून हा प्रवास.

गाडी सुटताच मी थेट शेवट उघडला. नायिका गोदावरीत उडी घेते आणि बुडून मरते! मी हादरलो. पुन्हा वाचलं. मरतेच! मी वाचलेली नायिका तर पाण्यातून वर येते, केस पिळते आणि घराची वाट धरते. त्या शेवटानंच मला लिहितं केलं. माझ्या कादंबरीतली बाईही तशीच वर येते. ती कादंबरी मी या लेखकालाच अर्पण केलेली, आणि तिची दुसरी आवृत्ती आता छापखान्यात!

बिडकीनला भजी घेतली. न राहवून शेजारच्या बाईंना पुस्तक दाखवून विचारलं, शेवटी नायिका बुडते का.

"बुडती? नाय हो!" त्या ठासून म्हणाल्या. "वर येती ती. आमच्या मायनं वाचलीय, पैठणलाच."

वाचनालयात जुनी प्रत अजून होती. शेवटची अकरा पानं हातानं लिहिलेली. फाटकी पानं दुसऱ्या प्रतीवरून उतरवून लावायची तिथली रीतच होती, त्यामुळे कुणालाच शंका आली नव्हती. अक्षर मी ओळखलं. आमच्या वह्यांवर नावं घालून देणारे जिल्दसाज (पुस्तकं बांधणारे) चाचा!

त्यांचं घर मागच्याच गल्लीत. ती प्रत घेऊन तिथं गेलो.

"मास्तरांचा धाकटा ना तू? ये, बस."

"चाचा, ही पानं कुठून उतरवली?"

"उतरवली नाय. म्याच लिवली."

"आणि मूळची? फाटली होती?"

"नाय. म्याच काढली."

माझा आवाज चढला. "दुसऱ्याच्या पुस्तकाचं असं करतात का, चाचा?"

ते पानं चिकटवायची खळ ढवळत राहिले. "पोलिस ॲक्शनच्या साली, निजामाचं राज गेलं तवा, दंग्याला भिऊन माझ्या बहिणीनं विहिरीत उडी घेतली. ती वर नाय आली. मंग हे पुस्तक बांधायला आलं. म्हटलं, हिला तरी येऊ दे."

मी हातातली प्रत मिटली. मग त्यांनीच विचारलं, "तू लिवतो म्हणं. तुझ्यातली बाई वर येती का?"

"येते, चाचा."

"मंग बरं झालं."

जुनी प्रत वाचनालयात परत ठेवली; नवी मी पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

इतकी वर्षं मी एका नामवंत लेखकाचा वारस म्हणून मिरवत होतो. स्वतःची लाज वाटली. औरंगाबादला उतरताच छापखान्याला फोन लावला. म्हटलं, अर्पणपत्रिका थांबवा, नाव बदलायचंय.

"कुणाचं घालू?"

चाचांच्या बहिणीचं. पण तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. फोन ठेवला आणि परत पैठणच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.