आमच्या मेव्हणीची बढती

स्वतःचं नुकसान कसं करून घ्यावं हे शिकवणारं विद्यापीठ उद्या कर्जत-खालापूरच्या मध्ये कुठं निघालं, तर त्याची कुलगुरू म्हणून आमच्या मेव्हणीखेरीज दुसरं नाव कुणाला सुचणार नाही. आणि तिथंही ही बया ‘मी आपली सहायक कुलगुरूच बरी’ म्हणत मागच्या खुर्चीवर जाऊन बसेल. बायकोची ही धाकटी बहीण इथल्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाची सहायक कोच आहे. स्वतःचं खेळणं संपलं तेव्हा सहायक झाली, आता केसांत पांढरी बट आली तरी सहायकच. मी घमेली वाहून सुरुवात केली; आज शेलूला उठणाऱ्या इमारतींना माझ्या दुकानातून सळई जाते. ते कुणी ओवाळून हातात दिलं नाही, भांडून घेतलं. त्यामुळे तोंड मिटून बसणारी माणसं दिसली की माझं डोकं फिरतं, आणि ही तर घरातलीच निघाली.

बाजारात तिच्याबरोबर जाणं म्हणजे माझ्या अब्रूचा लिलाव. भाजीवालीनं भाव सांगितला की ही पिशवी उघडते. मी म्हटलं, “अगं, निदान तोंड तरी वाकडं कर!” तर म्हणते, “दाजी, त्यांनी विचार करूनच सांगितला असेल ना.” भाजीवालीलासुद्धा चैन पडेना, तिनं आपण होऊन कोथिंबीर घातली. माणसाच्या तोंडाकडे ही कधी बघतच नाही, बघते पायांकडे. आमच्या पुतणीच्या हळदीत बायका नाचत होत्या, तर ही मध्येच शिरून माझ्या चुलतीला सांगते, “काकी, उडी मारली की गुडघे वाकवून उतरा.” चुलती खवळली, “तू मला नाचायला शिकवतीस व्हय गं?” पण नंतर रात्रभर गुडघे वाकवूनच नाचली.

बरं, हिला घासाघीस येत नाही म्हणावं तर तेही खोटं! दुसऱ्यासाठी अशी करते की मी कान पकडावेत. एखाद्या वाडीतली पोर चपळ दिसली की ही तिच्या ओट्यावर ठाण मांडते. बाप म्हणतो, “पोरगी चड्डी घालून गावभर पळनार? आमी नाय धाडायचो.” ही म्हणते, “गावभर नाय काका, चौकोनातच पळते. तुमी बघायला या, नाय पटलं तर हाताला धरून घेऊन जा.” खोपोलीच्या एका शिंपीचाचांनीही असंच लेकीला अडवलं होतं. ही म्हणाली, “कपडा पटत नसेल तर तुम्हीच शिवा, चाचा. अंगभर शिवा.” चाचांनी लेकीचा अंगभर पोशाख शिवला, आणि आता अख्ख्या संघाचे कपडे तेच शिवतात. एवढं डोकं! पण स्वतःची वेळ आली की जीभ टाळ्याला.

मुख्य कोच येतात आणि जातात. नवे सर गळ्यात शिट्टी अडकवून आले की किल्ल्या कुठं, कुणाचा घोटा दुखरा, कुणाला ओरडलं की रडते आणि कुणाला नाही ओरडलं तर रडते, हे सगळं ही शिकवते. ते शिकले की त्यांना मोठ्या कॉलेजात बोलावणं येतं. संघ जिंकला की फोटोत चषक घेऊन मधोमध सर. ही कुठं दिसत नाही, कारण फोटो हीच काढत असते!

यंदा पुन्हा जागा रिकामी झाली, तेव्हा मी स्वतः संस्थेच्या कार्यवाहांकडे गेलो. धंद्यातली साधी रीत आहे : आपल्या मालाला दुसरीकडे गिऱ्हाईक आहे असं सांगावं आणि उठावं. मी म्हटलं, “तिला पनवेलच्या कॉलेजनं मुख्य कोच म्हणून बोलावलंय. तुम्ही ते पद देत असाल तर थांबेल, नाहीतर चालली.” आणि उठलो. चपला अगदी सावकाश घातल्या. मागून हाक येते, नेहमी येते. आली नाही. त्या भल्या माणसाला भावच करता येत नव्हता. त्यानं सगळं खरं मानलं, आणि त्याच आठवड्यात हिचा निरोप समारंभ करून टाकला!

शाल-श्रीफळ घेऊन मेव्हणी थेट माझ्या दुकानात आली. “दाजी, मी कुठं चाललेय?”

“कुठं नाही. गप घरी बस. माल गोदामात राहिला की भाव चढतो.”

“आणि मुली?”

“मुली कुठं पळून जातायत!”

पण मुली खरंच यायच्या थांबल्या. “म्याडम नाय तर पोरगी नाय,” बापांनी कॉलेजला साफ सांगितलं. मग कार्यवाहांचा मला फोन. आवाज लोण्यासारखा. “शेठ, उद्या बसून बोलू.” मी जिंकलो होतो! एक रात्र, फक्त एक रात्र हिनं कळ काढायची होती.

पण त्या संध्याकाळी कॉलेजच्या वॉचमननं हिला कळवलं, की ठाकुरवाडीची एक पोर घाटातून खाली आलीय. वर फोन लागत नाही, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. एकटीच मैदानात उभी आहे. ही बॉल काखेत मारून निघाली. कार्यवाहांनी खिडकीतून पाहिलं आणि मला पुन्हा फोन केला, “अहो, मॅडम तर आल्याच! मग आता बोलायचं काय राहिलं?” मुख्य पदावर पुढं दुसरेच सर आले.

फोन ठेवला आणि मी तसाच तणतणत मैदानावर गेलो. “उद्यापर्यंत थांबता आलं नाही तुला?”

“ती उभी होती ना दाजी,” एवढंच म्हणाली. वर मलाच म्हणते, “आलाच आहात तर बास्केटखाली उभे राहा. बॉल परत द्यायला माणूस नाही.”

इस्त्रीच्या कपड्यांत मी बॉल उचलून देत राहिलो. पोर फेकायची आणि बॉल हवेत असतानाच मान वळवायची. तो आत गेला का, हे बास्केटकडे बघून नाही, हिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायची. माझ्या दुकानात दिवसभर माणसं येतात, आणि सगळी वजनाच्या काट्याकडे बघतात. उजेड गेला तरी मी बॉल देतच होतो.