गेममधली मासळीवाली

नव्वदीच्या दशकात मी बोईसरला स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. जवळच्याच समुद्रकाठच्या नवापूरच्या आमच्या आळीतली पगाराची नोकरी करणारी पहिली मुलगी मीच. आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायची आणि गिऱ्हाइकांना ऐकवायची, माझी पोर मास्तरीण हाय.

संध्याकाळी क्लास सुटला की मालक शटर अर्धं खाली ओढायचे. मग कारखान्यांतले कामगार तासाच्या भाड्यानं एक गेम खेळायला यायचे. त्यात चित्र नाही, काही नाही, नुसता मजकूर. काय करायचं ते आपण टाइप करायचं, की पुढची वाक्यं पडद्यावर येणार. गेम मोठ्या माणसांचा. कसला ते वेगळं सांगायला नको. मूळ इंग्रजी होता. मालकांच्या मेहुण्यानं डिक्शनरी पुढ्यात घेऊन त्याचं मराठी केलं, तेही इंग्रजी अक्षरांत, आणि इथं खपावा म्हणून त्यातल्या बाईला नवापूरची मासळीवाली करून टाकलं.

एका दुपारी मालकांनी तो माझ्यासमोर उघडला. तुमच्याकडचीच बाई आहे, जरा भाषा सुधारून दे म्हणाले. मी वाचलं आणि डोकंच सणकलं. ही बाई पापलेटांची टोपली घेऊन भर उन्हात किनाऱ्यावर बसून राहते. अगं बाई, मासळी सडेल ना! तिचं 'हृदय एक ठोका गाळतं', तिचे डोळे 'भुकेने चमकतात'. हे एक वेळ हसण्यावारी नेलं असतं. पण तुम्ही काहीही टाइप करा, अगदी शिवी द्या, तिचं उत्तर एकच: 'जशी आपली इच्छा, साहेब.' मेहुण्याला दुसरं वाक्यच सुचलं नव्हतं. मी मालकांना सांगितलं, आमच्याकडची बाई असं बोलत नाही आणि असं ऐकूनही घेत नाही. ते म्हणाले, गेममध्ये भाषा कोण वाचतं? मी त्या मजकुराला हात लावला नाही.

वाचत मात्र सगळेच होते. एकदा सकाळी क्लासला जाताना मी आईबरोबर बाजारात थांबले होते. टोपली नुकतीच उतरवलेली, भवानी व्हायची होती. दिवसाची ही पहिली विक्री आई फार मानायची. पहिलं गिऱ्हाईक तिनं तोवर कधी रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं, दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील. त्या दिवशी रात्रपाळी सुटलेले तिघे-चौघे आले. चेहरे माझ्या ओळखीचे होते. एकानं बोंबील घेतले, नोट पुढे केली आणि आई घ्यायला गेली तशी हात मागे ओढला. "पहले बोल," तो म्हणाला, "जशी आपली इच्छा, साहेब."

आईला वाटलं, थट्टा करतोय. भवानी मोडायला नको म्हणून ती हसून म्हणाली, "जशी आपली इच्छा, सायेब."

ते सगळे खदाखदा हसत सुटले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं नोट कपाळाला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर तिनं विचारलंच, ते का हसले. मी सगळं सांगितलं. ती खाली मान घालून मांदेली साफ करत राहिली.

"त्या बाईला तोंड नाय काय?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडल्या उघडल्या मी मशीनवर बसले आणि ते वाक्य जिथं जिथं होतं तिथून काढलं. त्या जागी आई चढेल गिऱ्हाइकाला सुनावते ते घातलं: 'हात काढ. घ्यायचं नाय तर चालता हो.' संध्याकाळी गेमचा पार बोऱ्या वाजला. माणसं मालकांवर चिडली, मालक माझ्यावर, आणि माझी नोकरी गेली. जुन्या मजकुराच्या फ्लॉप्या तोवर पालघरला, वापीला पोचल्या होत्या. तिथं ती बाई आधीचंच बोलत राहिली असणार.

त्यानंतर आईनं पुरुषाच्या हातची भवानी कधी घेतली नाही. रात्रपाळीची माणसं नोटा धरून उभी राहायची. ती मासळीवर पाणी शिंपडत बसायची, कुणीतरी बाई येईपर्यंत. कंटाळून ती माणसं निघून जायची, आणि आई त्यांना जाऊ द्यायची.