प्रार्थनेत आलेलं नाव

परवा गंगावेशीतल्या दुकानात तांदूळ घ्यायला गेले होते. दुकानदाराने माझ्यासमोरच लाल साबणाचं खोकं फोडलं आणि तो उग्र, औषधी वास अंगावर आला. तांदूळ राहिले बाजूला, मी तशीच उभी. “ताई, काय देऊ?” असं त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा भानावर आले. पण तोवर मन शहराबाहेरच्या त्या दगडी भिंतीआड जाऊन पोचलं होतं.

हा साबण आम्ही तुरुंगात नेतो. आमच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही मोजके लोक कित्येक वर्षं रविवारी दुपारी तिथे जातो. दोन गीतं, एक वचन, प्रार्थना आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात साबणाची वडी, एवढाच आमचा कार्यक्रम. दारावरचा शिपाई माझी पेटी उघडून भात्यात डोकावतो. इतक्या वर्षांत तिथे धुळीखेरीज काही सापडलेलं नाही, तरी त्याची आशा सुटत नाही. समोर बसणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे बंदी असतात. कुणी गाण्यासाठी येतो, कुणी नुसता बराकीबाहेरच्या उन्हासाठी. त्यात मला गैर वाटत नाही, मीही सुरुवातीला पेटी वाजवायला मिळते म्हणूनच जात होते.

आमच्यातले वडीलधारे, एक निवृत्त शिक्षक, यांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता. कुणालाही गुन्हा विचारायचा नाही, आणि कुणी सांगू लागला तर हळूच विषय बदलायचा. माणसाला भेटायला जायचं, त्याच्या खटल्याला नाही. हा नियम मला फार आवडायचा. समोरच्याने काय केलंय हे ठाऊक नसलं की त्याच्यावर माया करणं किती सोपं जातं!

आमच्याबरोबर एक निवृत्त परिचारिका येत. सारे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांची उभी हयात दवाखान्यातल्या भाजलेल्यांच्या वॉर्डात गेली होती. तिथे येणाऱ्या तरुण बायकांबद्दल त्या क्वचितच बोलत. एकदा परतीच्या वाटेवर रंकाळ्याच्या काठाने चालताना म्हणाल्या होत्या, “स्टोव्हचा भडका उडाला म्हणायच्या गं सगळ्या. नवरा खाटंशेजारीच उभा असायचा की.” पुढे बराच वेळ त्या पाण्याकडे बघत चालल्या.

गडहिंग्लजकडचा एक बंदी नेहमी पहिल्या रांगेत बसे. गळा पहाडी, गीतं सगळी पाठ. एका रविवारी साबण घेताना त्याने सिस्टरांपुढे हात जोडले. “तुम्ही कुणीच इचारत न्हाईसा, मी काय केलंय त्ये.”

वडीलधारे लगबगीने पुढे झाले. “देवाला सगळं ठाऊक आहे, बाबा.”

“देवाला ठावं हाय, पर माणसाला सांगितलं न्हाई मी अजून. कोर्टात न्हाई म्हटलं, आईला न्हाई म्हटलं. एकदा तरी सांगू द्या की.”

सिस्टर त्याच्यासमोर खाली बसल्या. त्याने सांगितलं. बायको, रॉकेल, काडी. मी पेटीच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “पाणी मागितलं तिनं?”

“व्हय.”

“दिलंस?”

“न्हाई. कडी लावून भाईर बसलोतो.”

सिस्टर उठल्या आणि प्रार्थनेला न थांबता दाराकडे चालू लागल्या.

त्यानंतर कितीतरी रविवार त्या आल्या नाहीत. नियम कशासाठी होता ते आता कळलं ना, असं वडीलधारे मला ऐकवत, जणू मीच तो मोडला होता. तो बंदी मागच्या भिंतीला टेकून बसू लागला, गाईनासा झाला. खरं बोलून त्याने आपलं ऐकून घेणारं एकुलतं एक माणूस घालवलं, असं मला वाटे आणि त्याची कीव येई. लगेच त्या बाहेरून कडी लावलेल्या खोलीची आठवण होई, की कीव आलेल्या माझ्याच मनाचा राग येई.

मग एका दुपारी सिस्टर आल्या. चेहरा ओढलेला, हातात साबणाची पिशवी. त्या सरळ भिंतीपाशी गेल्या.

“माफ केलं, असं मी म्हणणार न्हाई. त्ये तिनं म्हणायचं होतं,” त्या म्हणाल्या. “तिचं नाव काय होतं?”

त्याने मान वर केली. हलक्या आवाजात ते सांगितलं. नाव साधंच होतं, आपल्याकडे घरोघरी असतं तसलं. सिस्टर माघारी आल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि बंद्यांसाठीच्या प्रार्थनेत त्यांनी सगळ्यांच्या आधी तिचं नाव घेतलं. त्या भिंतींच्या आत तिच्यासाठी कुणी काही मागण्याची ती पहिलीच वेळ असावी. तो गुडघ्यांत तोंड खुपसून रडला. जवळ जाऊन कुणी त्याला थोपटलं नाही.

पुढे दर रविवारी ते नाव येत राहिलं. हळूहळू साबण घेताना आणखी कुणी कुणी सिस्टरांच्या कानाशी वाकून एखादं नाव सांगू लागले. काही जण मात्र आमच्यात बसायचेच बंद झाले. वडीलधारे अस्वस्थ होत, पण त्यांनी पुन्हा नियमाचं नाव काढलं नाही.

आता सिस्टर नाहीत. ती नावं मी घेते. तो अजून आत आहे, केस पांढरे झालेत, पुन्हा गातोही. तिचं नाव आलं की त्याचे खांदे आखडतात; ते मला मिटल्या डोळ्यांनीही कळतं. एखाद्या रविवारी वाटतं, पुरे झालं, गाळावं. आणि मग मनात येतं, मी गाळलं तर या जगात ते नाव मोठ्याने कोण घेणार? आम्ही त्याच्यावर दया करतो आहोत की त्याला शिक्षा देतो आहोत, हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. मी नाव घेते, आणि पुढचा शब्द उच्चारायला दर वेळी थोडा उशीर होतो.