डक्टमधला बोळा

हे मी कोणाले सांगितलं नाई. मायले नाई, बहिणीले नाई, देवापुढं बसून तोंडातल्या तोंडातही नाई. अकरा उन्हाळे झाले. तुम्हाले सांगून राह्यली, कारण तुम्ही मले ओळखत नाई — ओळखीच्या माणसापुढं माही जीभ टाळूले चिकटते.

आमचं घर वरोऱ्याले. समोरच्या खोलीच्या खिडकीत मोठा कूलर, अन् त्याच्यापासून भिंतीच्या वरच्या अंगानं मागच्या खोलीपर्यंत गेलेला पत्र्याचा चौकोनी डक्ट. एकाच कूलरची हवा दोन खोल्यांले. समोर आम्ही — मी, हे, अन् सहा महिन्यांची पोरगी. मागं आत्याबाई, म्हणजे माही सासू. इकडचा उन्हाळा काय सांगू? दुपारी नळाचं पाणी हात भाजते. कूलर ही चैन नाई इथी, भाकरीसारखी गोष्ट हाय.

आता बोळ्याचं सांगते. हिवाळ्यात कूलर बंद असला की डक्टमधून उंदीर येतात, गार वारा येते. म्हणून डक्टच्या तोंडात जुन्या कपड्याचा बोळा कोंबून ठेवतात, अन् चैत्र लागला की काढून, धुऊन माळ्यावर टाकतात. आमचा बोळा आत्याबाईच्याच फाटक्या लुगड्याचा होता. तिनंच शिवला होता, चांगला घट्ट.

त्या वर्षी नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात जाळते नऊ दिवस. शेजारच्या बाया आल्या होत्या, अन् आत्याबाई म्हणाली, "सून कुठी हाय माही, कूलरची मालकीण हाय ते! दुपारभर हवा खात लोळते." सगळ्या हसल्या. मीही हसली. पण आतून अशी आग झाली म्हणून सांगू! पोरीच्या अंगावर घामोळ्या होत्या, तिले जास्त हवा पाह्यजे होती — हे कारण मी स्वतःले किती वर्षं देत राह्यली. खोटं हाय ते. घामोळ्या तर आधीपासूनच होत्या. मले आत्याबाईले दाखवायचं होतं, मालकीण कशी असते ते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, ती मागं जाऊन पडली, अन् मी माळ्यावरून बोळा काढला. डक्टचं तोंड आमच्याच खोलीत, कूलरच्या वर. स्टुलावर चढली अन् कोंबला. हे माजरीच्या खाणीतून संध्याकाळी येत. त्यांच्या यायच्या आधी काढून टाकला.

तीन दुपारी असंच केलं. मधल्या दुपारी ती दाराशी आली. "सूनबाई, इकडं वाराच येऊन नाई राह्यला वो."

"होल्टेज कमी हाय, आत्याबाई," मी म्हटलं.

"असन," म्हणाली अन् परत गेली. समोर येऊन बसली काऊन नाई? मी बसा म्हटलंच नाई. मानी बाई होती, बिनबोलावता कशी बसन?

तिसऱ्या दुपारी चार वाजता मी चहा घेऊन गेली, तर ती फरशीवर पडलेली. गार जागा शोधत खाटेवरून खाली सरकली असन. अंग तव्यावानी तापलेलं, घामाचा थेंब नाई, डोळे अर्धे उघडे.

आता ऐका. हेच सांगायचं होतं, इतका वेळ मी नुसती भोवती फिरून राह्यली होती.

मी ओरडली नाई. पाणी आणलं नाई. मी चहाचा कप खाली ठेवला. समोरच्या खोलीत गेली, स्टूल ओढला, बोळा काढला, माळ्यावर डब्यांच्या मागं सरकवला. स्टूल जागेवर ठेवला. अन् मंग हाक मारली. आधी बोळा काढला, मंग हाक मारली — समजलं न तुम्हाले? बाया धावल्या, कोणी तळपायाले कांदा चोळला, कोणी ओलं लुगडं टाकलं. मीच सगळ्यात जोरात रडत होती.

चंद्रपूरच्या दवाखान्यात तिले शुद्ध आली. ह्यांनी विचारलं तर एवढंच म्हणाली, "वारा येत नव्हता रे." हे घरी आले ते तणतणतच. रशीदभाईले निरोप धाडला, सकाळी येऊन डक्ट पाहून जा. वरोऱ्यात कूलर म्हटलं की रशीदभाई, असं होतं तेव्हा. त्यानंच तो डक्ट मागल्या साली बसवला होता. अन् मी घाबरली. डक्ट तर धड होता! काहीच सापडलं नाई तर? सकाळी हे आंघोळीले गेले, अन् मी पेचकस घालून मागच्या खोलीच्या दारावरचा डक्टचा सांधा उचकटला. चार बोटं फट पाडली.

रशीदभाईनं कूलर चालू केला अन् उदबत्ती लावून डक्टच्या कडेकडेनं फिरवली. सांध्यापाशी धूर एकदम उडाला. "सापडलं!" हे म्हणाले. पण रशीदभाई शिडीवरून उतरला नाई. त्यानं फटीची कड बोटानं चाचपली. पत्रा तिथी कोरा चमकत होता. मंग खालच्या भिंतीवर तळहात ठेवला. कूलरची हवा ओली असते. फट जुनी असती तर तिथला चुना फुगला असता. भिंत कोरडी होती. त्यानं माह्याकडं पाह्यलं, एकदाच. मी पोरीले खांद्यावर घेऊन दारात उभी होती. त्याले समजलं होतं. अन् तो थांबला — मले वाटते, माह्यासाठीच थांबला.

मी पोरीची पाठ थोपटत राह्यली.

"हे काम होय काय, रशीदभाई?" हे ओरडले. "माही माय दवाखान्यात पडून हाय!"

"माह्या हातून राह्यलं असन, भाऊ," तो म्हणाला. "नवा करून देतो."

काऊन म्हटलं त्यानं असं? माही कीव आली, का पोरीची? का आपलं कोण ऐकन, असं वाटलं? मी कधी विचारलं नाई. दिवसभर अंगणात बसून त्यानं नवा डक्ट ठोकला, एकेक सांधा दोनदा दुमडून. आत्याबाई त्या हवेखाली एकदाही झोपली नाई. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच गेली. बोळा मी चुलीत घातला.

तेरवीले आलेल्या हरेक माणसाले ह्यांनी सांगितलं, मिस्त्रीच्या कच्च्या कामानं माय गेली. गाव ते केवढं? दोन उन्हाळ्यांत रशीदभाईले कोणी बोलावेनासं झालं. दुकान बंद करून तो कुठी गेला, मले माहीत नाई. माहीत करून घेतलं नाई, असं म्हणा.

यंदा चैत्रात नवा मिस्त्री आला, नागभीडकडचा. त्यानं आमचा डक्ट ठोकून पाह्यला, सांध्यांवरून बोट फिरवलं अन् म्हणाला, "भाऊ, हे कोणाच्या हातचं हाय? टाचणी जाईल एवढी फट नाई कुठी."

"होता एक," हे म्हणाले. "माह्या मायले मारलं त्यानं."

मी तिथीच उभी होती. मिस्त्रीले विचारलं, चहात साखर किती, अन् आत गेली.