एका जागी उभी सायकल आणि आमचे साडूभाऊ

जगात पडायला भिणारी माणसं पुष्कळ असतील. पण दुसरा कोणी पडेल या भीतीनं ज्याचा जन्म गेला असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझाच थोरला साडू निघाला. लग्नाच्या मांडवात लोक आधी पंगत कुठे आहे ते बघतात, साडूभाऊ मांडवाचे खांब हलवून बघत. एका लग्नात त्यांनी एक खांब इतका हलवला की मांडवाचा तो कोपराच खाली आला. दुसरा कोणी असता तर वऱ्हाडानं त्याला बडवला असता. इथे लोक म्हणाले, "बरं झालं यांनी येळवर वळखं, नाहीतर जेवताना पडला असता!" आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, त्यांना जवळ बसवून स्वतःच्या हातानं बुंदी वाढली. मी समोरच बसलो होतो. माझ्या पानात बुंदी आली ती वाढप्याच्या हातून.

हे मी विसरलो नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. साक्रीकडच्या खेड्यातून धुळ्याला येऊन, खोलीवर हातानं भाकरी थापून बी. कॉम. झालो. साडूभाऊ जुन्या मॅट्रिकला अडकले ते तिथेच राहिले. तरी आबांच्या घरी बैल घ्यायचा असो की मेहुणीचं स्थळ बघायचं असो, आबांचं एकच वाक्य, "थोरलाले इचारा." मला काय विचारत? "बी. कॉम., पोस्टाचं टपाल किती वाजता निघतं?" एवढंच.

दोघंही आम्ही धुळ्याच्या एकाच सहकारी कचेरीत होतो. मी हिशेबाला, ते भांडारात. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे नवे साहेब आले. ते पहाटे पळायला जात आणि आमच्या सुटलेल्या पोटांकडे बघून हळहळत. त्यांनी कर्मचारी कल्याणाच्या नावाखाली एका जागी उभी राहणारी सायकल, छाती ताणायच्या स्प्रिंगा आणि लोखंडी डंबेल्स आणवले आणि सांगितलं, "मागच्या खोलीत व्यायामाची सोय करू, पण कचेरी आहे, कोणाला इजा होता कामा नये. एक जबाबदार माणूस पाहिजे." कॉलेजात मी एन.सी.सी.त होतो. कोणतं सामान कुठे ठेवायचं याची आखणी मी टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवलीसुद्धा. साहेबांनी ती वाचली, शाबासकी दिली आणि जबाबदारी साडूभाऊंना दिली. ज्या माणसानं आयुष्यात डंबेल उचललं नव्हतं, ज्याची ढेरी खोलीत आधी शिरे आणि तो मागून, तो आमचा व्यायामप्रमुख!

स्वतः ते सायकलवर कधी बसले नाहीत. स्टूल टाकून दारात बसत आणि दुसऱ्याला जपत. आधी त्यांनी खोलीतले फायलींचे रॅक भिंतीला ठोकून घेतले, कोणाचा धक्का लागून अंगावर यायला नकोत म्हणून. सायकलखाली बारदानाच्या घड्या घातल्या, म्हणजे ती सरकायची नाही. डंबेल जमिनीवरच, खिडकीत किंवा टेबलावर दिसलं तर ते जप्त. पँटची मोहरी साखळीत जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या घोट्याला फायलीची नाडी बांधत, तीही स्वतः खाली वाकून. बायकांची वेळ वेगळी, पदर खोचून, आणि तेव्हा साडूभाऊ दाराकडे पाठ करून बसणार. हिवाळ्यात कोणाच्या मळ्यावर भरिताची पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप! एरवीही दारात चौकशी सुरू, "काय खाईसन उना? घर भांडीसन तं नही उना ना?" भांडून आलेल्याला फक्त चालायची परवानगी. "रागमा उचलेल वजन पायवरच पडस," हे त्यांचं शास्त्र.

आणि लोकांना हे आवडायचं! घरी ज्यांना कोणी जेवलास का म्हणून विचारत नव्हतं, ती माणसं दारात उभी राहून बायकोशी झालेलं भांडण साडूभाऊंना सांगत. आमच्या टायपिस्ट बाईंना दम लागतो हे त्यांनी ओळखलं आणि दवाखान्यात पाठवलं. बाईंच्या यजमानांनी पेढे आणले. कचेरीत माझं टेबल बाईंच्या शेजारीच होतं. दम मलाही ऐकू आला होता. पण माझ्याकडे पेढे कोण आणणार?

त्या वर्षी खंडेनवमीला कचेरीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा निघाली. टाइपरायटरला, तिजोरीला, तोलकाट्याला हार. सायकल तर नवी नवरीच झाली. बारदानं काढून तिला गुळगुळीत शहाबादी फरशीवर मधोमध आणली, खाली भलीमोठी रांगोळी घातली, पायडलांना ओलं हळदकुंकू लावलं आणि चाकावरून झेंडूची जाड माळ सोडली. दसऱ्याच्या खरेदीला गावाहून आलेले आबाही प्रसादाला येऊन बसले होते. तेवढ्यात साहेब वरच्या कचेरीतल्या एका पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे म्हणाले, "ही चालते तरी कशी? दाखवा कोणीतरी."

साडूभाऊ हात जोडून आडवे उभे राहिले. "आज नाही साहेब. आज ती पूजेत आहे. दसरा होऊ द्या, मग चालवू."

साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, हीच वेळ. साहेब बघताहेत, पाहुणे बघताहेत, मुख्य म्हणजे आबा बघताहेत. मी म्हणालो, "भाऊ, शिकलेल्या माणसानं असल्या गोष्टी मानायच्या नसतात. सरका."

"बी. कॉम., मी मानायचं नही सांगत. खाली बघ ना भो—"

मी बसलो. चार पायडलं झोकात मारली. टाळ्याही पडल्या. मग माळ साखळीत शिरली, चाक अडलं, कुंकवावरून पाय निसटला आणि रांगोळीवर सायकल लोण्यासारखी सरकली. मी भिंतीकडे जाणार, तोच साडूभाऊ मधे आले. मी त्यांच्या ढेरीवर पडलो, मला खरचटलंसुद्धा नाही. सायकल मात्र त्यांच्या पायावर पडली. अंगठा मोडला.

झेंडूच्या पाकळ्यांत बसल्या बसल्या त्यांनी मलाच विचारलं, "बी. कॉम., तुले लागनं तं नही ना?"

या वाक्यानं माझा घात केला. रागावले असते तर भांडता आलं असतं. साहेब म्हणाले, "असा माणूस पाहिजे जबाबदारीला!" पाहुण्यांनी त्यांचा हात हातात घेतला. आबा धावले तेही त्यांच्याकडेच. पडलो मी, आणि कौतुक साडूभाऊंच्या अंगठ्याचं!

दिवाळीला आम्ही नरडाण्याजवळ आबांच्या गावी जमलो. साडूभाऊ ओसरीवर पाय लांब करून बसलेले, आणि गाव त्या पांढऱ्या बँडेजच्या दर्शनाला येतंय. प्रत्येकाला ते सांगत, "आमना बी. कॉम. वाचना, बस." मी कुठे चुकलो ते त्यांनी एकालाही सांगितलं नाही. चांगुलपणातसुद्धा या माणसानं मला पुढे जाऊ दिलं नाही.

दुपारी बाया आवराआवर करत होत्या, पोरं मळ्यात गेली होती. साडूभाऊंना निंबाखालच्या खाटेवर जायचं होतं. आसपास मीच होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मग, काही शंका न घेता, सगळं अंग सोडून दिलं. जन्मभर दुसऱ्याला सावरणारा माणूस इतका जड असेल असं मला वाटलं नव्हतं. अंगणात खडे होते. मी प्रत्येक खडा बघून पाऊल टाकत होतो.

ओसरीवरून आबांचा आवाज आला, "बी. कॉम., नीट धर रे त्याले. त्याना सारा भार आते तुनावर शे."

"हो आबा," मी म्हणालो. निंब अगदी समोर होता, पण मी अंगणाला वळसा घालून, सावलीसावलीनं, त्यांना हळूहळू घेऊन गेलो.